तुतारीविना एक हिवाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मार्गशीर्षातली पहाट. साडेचार वाजलेले. आमच्या रिद्धपुरात या वेळी एखाद्या मठातला दिवा आणि दूधवाल्याची फटफटी सोडली तर कशालाच जाग नसते. मी कानाला मफलर गुंडाळून गोठ्यात शिरतो. आधी दोन्ही बैलांच्या कानांच्या मुळाशी हात लावून पाहतो, अंगात कणकण तर नाही ना? मग बॅटरीच्या उजेडात शेण कसं पडलं आहे ते बघतो. शेवटी दोन मिनिटं नुसता उभा राहून रवंथाचा आवाज ऐकतो. या तीन परीक्षांत दोघंही पास झाले तरच दावं सुटतं. एक जरी नापास झाला तर त्या दिवशी दोघांनाही सुट्टी.

शंकरपटासाठी बैलजोडी कशी तयार होते, हा आजच्या भाषणाचा विषय. पण खरं सांगायचं तर मला बोलायचं आहे ते या सुट्टीबद्दल. ती केव्हा द्यायची हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

वऱ्हाडाबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडी ओळख करून देतो. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत असते, तिची आमच्याकडची बहीण म्हणजे शंकरपट. बोलताना आम्ही नुसतं ‘पट’ म्हणतो. खरिपाचा माल घरात आला, कपाशीचे पहिले वेचे झाले की थंडीच्या दिवसांत गावोगाव पट भरतात. हलका छकडा, त्याला दोन बैल आणि वर एक धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. वाट सरळ, अंतर थोडं. चांगली जोडी ते काही सेकंदांतच कापते. पूर्वी शेजारून पळणाऱ्या दोन जोड्यांत पुढे कोण, हे डोळ्यांनीच ठरायचं. आता सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी घड्याळं आली आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या विदर्भात नावाजलेला. तिथे बायकाही जोड्या हाकतात आणि त्या पाहायला गर्दी लोटते.

मध्यंतरी माझ्या पुण्याच्या भाच्यानं मला अलास्कातली एक चित्रफीत दाखवली. चहूकडे बर्फ, दहा-बारा कुत्र्यांची एक माळ, मागे घसरगाडी आणि तिच्यावर उभा एक माणूस. भाचा म्हणाला, “मामा, हे तर तुमच्या पटासारखंच आहे की!” मी हसलो. त्यांच्याकडे उणे चाळीसची थंडी, आमच्याकडे आठ-दहा अंशांवर पारा आला तरी शेकोट्या पेटतात. पण ती चित्रफीत मी तीनदा पाहिली, आणि पोरगं खरं बोललं होतं असं वाटलं. त्याकडे मी पुन्हा येईन. आधी घरची गोष्ट.

रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. गोविंदप्रभूंचं हे गाव, महानुभाव पंथाचं मोठं तीर्थ. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथेच लिहिलं. मराठी भाषेचं विद्यापीठही आता इथेच आलं आहे. त्या लीळाचरित्रात एका सशाची गोष्ट आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो. शिकारी तो मागतात आणि स्वामी देत नाहीत, शरण आलेल्या जिवाला कसं द्यायचं म्हणतात. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, पण ही गोष्ट तिला पाठ होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘दंडवत प्रणाम’ करणारी ही बाई, आणि तिचा मुलगा, म्हणजे माझे बाबा, पंचक्रोशीतले पट्टीचे धुरकरी. आमच्या घरातली सगळी ओढाताण या दोघांमधली.

1987 साली मी दहा वर्षांचा होतो. बाबांच्या जोडीनं शेजारच्या गावच्या पटात पहिला नंबर काढला. पाचशे रुपये आणि पितळेचा एक मोठा गुंड बक्षीस मिळाला. वाजतगाजत जोडी घरी आली. आजी आरती घेऊन पुढे झाली आणि ‘हिरा’ नावाच्या बैलाच्या पुठ्ठ्याकडे बघून थबकली. पांढऱ्या अंगावर सात-आठ लाल ठिपके होते. आमच्याकडे तुतारी म्हणजे वाजवायची नव्हे; टोकाला लोखंडी आर बसवलेली बैल हाकायची काठी. ते ठिपके त्या आरेचे होते. आजीनं आरती खाली ठेवली, तेल-हळद आणून ते ठिपके पुसले आणि बाबांना एवढंच म्हणाली, “हा तुह्यासाठी नाही पळत रे. तुह्यापासून पळते.”

तो गुंड तिनं कधी पाण्याला घेतला नाही. माळ्यावर गेला तो गेलाच. हिराचं मात्र पुढे एक झालं. बाबा हातात साधी छत्री घेऊन गोठ्यात गेले तरी त्याच्या कातडीवर शहारा यायचा.

पुढचा इतिहास तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला आहे. 2011 च्या जुलैत केंद्र सरकारनं खेळ करवून घेण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. बाबांकडे तेव्हा एक तयार जोडी होती. पटाच्या जोडीला शेतीच्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते, पण पटच नाही म्हटल्यावर ती कोण देणार? निम्म्यापेक्षा कमी पैशांत जोडी गेली. गावात सगळे न्यायालयाला बोल लावत होते. बाबा गप्प होते. एका संध्याकाळी मला म्हणाले, “तिथं जे सांगतलं ना बाबू, त्यातलं लय काही आपल्या गोठ्यात झालं आहे.” पटाच्या माणसानं हे बोलणं सोपं नव्हतं.

2017 मध्ये राज्यानं कायदा करून शर्यतींना वाट काढली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयात ती अडली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नियमांच्या अधीन राहून शर्यतींना परवानगी दिली. 2022 च्या पावसाळ्यात लम्पीची साथ आली आणि जनावरं एकत्र आणणंच बंद झालं. 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते. चाबूक, काठी, तुतारी, विजेचा धक्का, सगळ्याला मनाई आहे.

त्याच उन्हाळ्यात मी ठरवलं, एक जोडी करायची. बाबा ऐंशीच्या घरात पोचले होते. म्हणाले, “तुतारीबिगर? कर. मी पाहतो.”

वर्धा नदी ओलांडली की पलीकडे आष्टी-आर्वीचा भाग लागतो. तो गवळाऊ जातीच्या गुरांचा मुलूख. अंगानं हलकी, उंच पायांची, पांढरी किंवा राखी गुरं; चालायला आणि पळायला चपळ. नागपूरकर भोसल्यांच्या काळी सैन्याचं सामान जलद नेण्यासाठी ही जात वापरत, असं सांगतात. ट्रॅक्टर आणि संकरित गाई आल्यापासून शुद्ध गवळाऊ कमी कमी होत चालली आहे. तिकडून मी दोन चारदाती गोऱ्हे आणले. एक पाखऱ्या, एक दौलत. पाखऱ्या विजेसारखा. दौलत विचार करून पाऊल टाकणारा. दोघं वखराला लावलेले होते, म्हणजे जू ओळखीचं होतं. पळणं शिकवायचं होतं.

दिवाळी ते संक्रांत, असे नऊ आठवडे हातात होते. बाबांनी बाजेवर बसून वेळापत्रक सांगितलं. पहिले तीन आठवडे पळायचं नावच नाही, नुसतं चालायचं. पहाटे जू ठेवून, छकड्याशिवाय, गाडवाटेनं दोन मैल जायचं आणि दोन मैल यायचं. संत्र्याच्या बागांच्या कडेनं, कालव्याच्या पुलावरून, एसटी जाते त्या डांबरी रस्त्यावरून. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, आणि म्हणूनच सावली हलली, प्लास्टिकची पिशवी उडाली की तो बुजतो. पटाच्या दिवशी हजारो माणसं, भोंगे, फटाके असतात. त्याची सवय आदल्या दिवशी होत नाही.

चौथ्या आठवड्यापासून ओझं. नदीच्या वाळूतून रिकामा छकडा, मग दोन पोती घातलेला छकडा, तोही सावकाश. यानं पाय आणि खांदे भरतात. सहाव्या आठवड्यापासून पळवायचं, तेही आठवड्यातून दोनदाच आणि पटाच्या निम्म्या अंतरावर. बाबांचा एक नियम होता, बैलाला अजून पळावंसं वाटत असतानाच थांबायचं. दमून थांबलेला बैल दुसऱ्या दिवशी दम आठवतो.

खाण्याचंही शास्त्र आहे. तुरीचं कुटार, ज्वारीचा कडबा, भिजवलेली सरकी, ढेप आणि थोडा गूळ. पण भरल्या पोटी पळवायचं नाही. बैल रवंथ करणारं जनावर आहे. दिवसाकाठी सात-आठ तास त्याला निवांत चघळायला लागतात. तो वेळ तुम्ही चोरलात तर खुराक कितीही घाला, अंगी लागत नाही. शिवाय घोड्याइतका घाम बैलाला येत नाही. अंगातली उष्णता तो बरीचशी धापेवाटे बाहेर टाकतो. म्हणून पळवल्यावर लगेच बांधायचं नाही. श्वास खाली येईपर्यंत हिंडवायचं आणि मगच कोमट पाणी दाखवायचं.

आता अलास्काकडे येतो. तिथेही हिवाळ्याआधी, बर्फ पडण्यापूर्वीच तयारी सुरू होते. कुत्र्यांना चाकांची गाडी जोडतात, आधी थोडं अंतर, मग हळूहळू जास्त. गाडीवाल्याच्या हातात लगाम नसतो. माळेतलं सर्वांत पुढचं कुत्रं आवाजावर वळतं. उजवीकडे वळायला ‘जी’ म्हणतात, डावीकडे वळायला ‘हॉ’. मला गंमत वाटली ती ही की, हे दोन्ही शब्द मुळात तिकडच्या बैल आणि घोडे हाकणाऱ्यांचे. नांगरामागून ते बर्फात गेले.

आणि तिथलं माणूस उभं असतं मागे, जनावराच्या नजरेआड. आमचा धुरकरीही तसाच. बैलाला चहूकडचं दिसतं, पण शेपटीमागचं दिसत नाही, आणि आपण नेमके तिथेच बसलेले. त्याला आपण दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मग त्या आवाजात काय असावं? बाबांच्या काळी त्या आवाजापाठोपाठ आर यायची, म्हणून बैल आवाजाला भ्यायचे. मला तोच आवाज भीतीवाचून रुजवायचा होता. रोज चालताना मी एकच हाक द्यायचो आणि पुढे गेल्यावर गुळाचा खडा. पळायची हाक वेगळी, थांबायची वेगळी. थांबण्याची हाक मी सगळ्यांत जास्त घोटून घेतली.

असं असूनही मी चुकलो. सातव्या आठवड्यात पाखऱ्या हाक येताच उसळायचा आणि दौलत अर्धं पाऊल मागे राहायचा. एक बैल पुढे आणि एक मागे झाला की जू तिरकं होतं, छकडा वाकडा जातो. सेकंदाचा खेळ तिथेच संपतो. दिवस थोडे उरले होते. मी पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि दौलतच्या मागे खडखडवले. दौलत असा पळाला की मी छकड्यावरून पडता पडता वाचलो. घरी येऊन अभिमानानं सांगितलं.

दुसऱ्या पहाटे दौलतनं जुवाखाली मान दिली नाही. ओढलं, चुचकारलं, गूळ दाखवला. तो मागे मागे सरकत गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी डबा गोठ्यातच ठेवला होता. बाबा दारात आले, डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तुतारी सोडली म्हणतं, अन् डबा घेतला. त्याले काय फरक पडते?”

मला त्या क्षणी हिराच्या पुठ्ठ्यावरचे ठिपके दिसले. माझ्या हातात आर नव्हती, कायदा मी पाळला होता, आणि तरीही माझा बैल माझ्यापासून पळाला होता.

आम्ही पहिल्या आठवड्यावर परत गेलो. पुन्हा नुसतं चालणं. बाबांनी एक बदल सुचवला, दोघांच्या बाजू बदलायच्या आणि पाखऱ्याला रोखायचं. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण वाईट संगतीबद्दल वापरतो. गोठ्यात ती चांगल्या अर्थानंही खरी ठरते. पाखऱ्या थोडा थांबायला शिकला आणि त्याच्या शेजारी दौलत निर्धास्त झाला. जोडीचा वेग मंद बैलाच्या धीरावर ठरतो, हे मला त्या दहा-बारा दिवसांत कळलं. वेळ गेला होता, पण दौलतनं आपणहून जुवाखाली मान घातली त्या सकाळी मला पटाचं काही वाटेनासं झालं होतं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आम्ही एका पटात उतरलो. पशुवैद्यकांनी दोन्ही बैल तपासले, तंदुरुस्त ठरवले. हाक दिली आणि दोघं बरोबर उचलले. सरळ रेषेत, मान मानेला लावून. पहिल्या पाच-सहांत बसेल अशी वेळ लागली. दुसऱ्या दिवशीच्या फेरीला आम्ही पात्र होतो. माणसं येऊन पाखऱ्याच्या पाठीवर थाप देत होती. “खरंच काही वापरलं नाही?” असं दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

त्या रात्री मैदानाशेजारी, ट्रॉलीखाली आम्ही झोपलो. पहाटे मी उठलो आणि उभा राहून ऐकलं. एकाच बैलाच्या रवंथाचा आवाज येत होता. दौलतपुढचं कुटार तसंच होतं. कानाला हात लावला तर कान तापलेला.

मित्र म्हणाले, दहा सेकंदांचाच तर प्रश्न आहे, पळेल तो. खरं होतं. तो पळालाही असता, हाकेवर आता त्याचा भरवसा बसला होता. पण त्याच भरवशानं माझे हात बांधले. आजारी असताना त्याला पळवलं असतं, तर पुन्हा कधी त्यानं त्या हाकेवर विश्वास ठेवला असता? मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी काठी टेकत येऊन दौलतच्या मानेवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, “चाल घरी.”

तोंडावर कुणी काही बोललं नाही. पाठीमागे बोलले असणारच. दौलतला दोन दिवस ताप होता, डॉक्टरांनी औषध दिलं, तिसऱ्या दिवशी त्यानं सरकीच्या घमेल्यात तोंड घातलं.

1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली होती. वीस गाडीवाल्यांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी एकमेकांच्या हाती देत 674 मैलांवरून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. काही कुत्री त्यात मेलीही. तिथे माणसांचे जीव वाचवायचे होते. आज तिथे होते ती स्पर्धा, हजार मैलांची. वाटेतल्या ठाण्यांवर पशुवैद्यक कुत्री तपासतात आणि थकलेलं कुत्रं गाडीवाला तिथेच ठेवून पुढे जातो. तरीही तिथल्या प्राणिप्रेमींचे आक्षेप आहेतच, आणि ते असावेत असं मला वाटतं. कुणीतरी विचारत राहिलं तर आपण गोठ्यात परत जाऊन बघतो. आमच्या जोडीत मात्र दोघंच. एकाला ठेवून दुसरा पळू शकत नाही.

लोक विचारतात, ट्रॅक्टरच्या जमान्यात हा खर्च कशाला? हिशेबानं पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे. पण पट आहे म्हणून गवळाऊचा गोऱ्हा सांभाळणारं एखादं घर अजून टिकून आहे. आणि तो पट टिकायचा असेल तर तो नुसत्या कायद्याच्या धाकानं टिकणार नाही. धावपट्टीवर पंच बघतो, गोठ्यात पहाटे साडेचारला कोणी बघायला नसतं. तिथे आपण आणि बैल.

त्या पटाहून परतल्यावर बाबांनी मला माळ्यावर चढायला सांगितलं. छत्तीस वर्षांचा काळा पडलेला गुंड खाली आला. बाबांनी तो चिंच लावून घासला. आता पहाटे फिरवून आणल्यावर पाखऱ्या आणि दौलतला कोमट पाणी त्यातूनच दिलं जातं.